सहावी चौकट

एस्तेरबाई, तुमच्या खुर्चीपुढच्या दोन बश्यांपैकी एकीत मी सहा चिंचोके ठेवले आणि दुसरीत चार, या गोष्टीला आज तीन आठवडे होत आहेत. ते चिंचोके तुम्ही ठेवले, असे गावाने मानले. तुम्हाला मातीत ठेवून तेव्हा नऊ दिवस झाले होते, आणि तरीही मानले.

तुमच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे शाळेने मला सांगितले आहे. तुमचा जन्म, शिक्षण आणि सेवेची वर्षे मुख्याध्यापक लिहितील. ते काम त्यांचे अक्षर चांगले करील. मला तुमच्याशी बोलायचे आहे. शिवाय एक चूक सांगायची आहे, आणि चूक ज्या वहीत झाली त्याच वहीत दुरुस्त करावी, हे आपण दोघांनीही मुलांना बावीस वर्षे शिकवले.

तुम्हाला आठवत असेल, आपला वाद एका अर्ध्या गुणावरून सुरू झाला. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. तुम्ही शाळेत नव्या होता आणि बाहेरून एम. एस्सी. करत होता. मी म्हणालो होतो, की माणसाने प्रश्नाला हो म्हणावे किंवा नाही म्हणावे, मधले उत्तर हे न शिकलेल्याचे लक्षण आहे.

"सर, तुम्ही पायरीला अर्धा गुण देता की नाही?" तुम्ही विचारलेत.

"पायरीला देतो. उत्तराला नाही."

"मग मताला पायरी नसते का?"

मी मान वर न करता पुढची उत्तरपत्रिका घेतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सातवीच्या वर्गात दोन बश्या आणि दहा चिंचोके घेऊन गेलात. बाजरीची भाकरी की ज्वारीची, असा प्रश्न फळ्यावर लिहिलात आणि एकेका मुलाला पुढे बोलावलेत. ज्याला बाजरी थोडीशीच जास्त आवडते त्याने सहा-चार ठेवायचे. ज्याला ज्वारी नकोच त्याने नऊ-एक. ज्याला काहीच फरक पडत नाही त्याने पाच-पाच. दोन्ही बश्यांची बेरीज नेहमी दहा भरते, एवढा एकच नियम. या पद्धतीचे पुस्तकी नाव फझी प्रेफरन्स रिलेशन असे मोठे होते. तुम्ही मुलांना ते 'धूसर पसंती' असे सांगितलेत. मी दाराशी उभा होतो. ज्या मुलाने वर्षभर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, त्याने पुढे येऊन बराच वेळ घेऊन सात-तीन ठेवले. त्याचे मत होते, फक्त त्याला हो किंवा नाही एवढे मोठे करता येत नव्हते. मी दारातूनच परत फिरलो. आभार मानायचे राहून गेले ते राहूनच गेले.

ते चिंचोके दर आठवड्याला कमी व्हायचे. भाजून कोण खाते याचा शोध तुम्ही कधी घेतला नाहीत.

मी निवृत्त झालो तरी शाळेच्या समितीवर राहिलो, म्हणून या वर्षीच्या भिंतीच्या प्रश्नात आपण दोघे होतो. उत्तरेकडच्या तीन खोल्या मातीत बांधलेल्या दगडाच्या, आणि सातवीच्या खोलीत वरपासून खिडकीपर्यंत गेलेली भेग. तुम्ही तिच्यावर चौकटीच्या कागदाची पट्टी खळीने चिकटवून तारीख घातली होतीत. पट्टी फाटली तर भेग हलली. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी पावसाळाभर टिकली. तालुक्याहून आलेल्या अभियंत्यांनीही तसेच दोन्ही बाजूंचे लिहिले: तातडीचा धोका दिसत नाही, तरी काळजी घ्यावी. त्या भिंतीखाली सदतीस मुले बसत होती. बसू द्यायची की नाही, हे आपण पाच जणांनी ठरवायचे होते: अध्यक्ष भागवतराव, पालकांतर्फे मंदाताई, मुख्याध्यापक, तुम्ही आणि मी.

पर्याय चार होते. अ, मुले तिथेच बसवून गवंड्याकडून खोल्या दुरुस्त करून घ्यायच्या. ब, देवळाच्या सभामंडपात वर्ग भरवायचे. क, दक्षिणेकडच्या चांगल्या खोल्यांत दोन पाळ्या करायच्या. ड, सातवी-आठवीला रोज तिसगावच्या शाळेत पाठवायचे. चार पर्यायांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येकाने सहा चौकटींत जोडीतल्या पहिल्या पर्यायाला आपले किती चिंचोके, ते लिहून द्यावे, हे तुम्हीच सुचवलेत.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शनिवारी तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसून तुमचा कागद भरलात. मी शेजारी होतो. पाच चौकटी भरल्यात आणि अ विरुद्ध क या चौकटीपाशी पेन्सिल थांबली. दुरुस्ती की दोन पाळ्या. खरा प्रश्न तोच होता.

"ही सोमवारी भरते," तुम्ही म्हणालात.

"आत्ता काय अडचण आहे?"

"आत्ता तुम्ही बघताय." तुम्ही हसलात आणि कागद माझ्याकडेच ठेवायला दिलात. सोमवारी सकाळी यादवमामा शिपाई माझ्या दारात उभे होते. टोपी हातात होती, म्हणून मला कळले.

पुढच्या बुधवारी समितीची बैठक झाली. यादवमामांनी पाच खुर्च्या मांडल्या. मी चौघेच आहोत असे म्हणालो, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. बाईंचा कागद आलाय ना?" तुमच्या खुर्चीवर कागद ठेवून त्यांनी त्यावर डस्टर ठेवले आणि समोर दोन बश्या मांडल्या. चहा आणला तेव्हा पाच कप आणले. तुमच्या कपातून वाफ निघत होती आणि कोणी तिकडे पाहत नव्हते.

ब आणि ड हे पर्याय लवकरच मागे पडले. अ विरुद्ध क मध्ये भागवतरावांनी पाच दिले होते, मुख्याध्यापकांनी पाच, मंदाताईंनी दुरुस्तीला तीनच, कारण त्यांची मुलगी कोमल त्या खोलीत बसते. मी सात दिले होते. सरासरी बरोबर पाच. चौघांचा काटा मधोमध उभा राहिला, आणि सगळ्यांचे डोळे रिकाम्या खुर्चीकडे गेले.

"सर," भागवतराव म्हणाले, "बाई म्हणायच्या, एखादी चौकट राहिली तर बाकीच्यांवरनं काढता येती. काढता येती का?"

काढता येते. तुम्हीच मला शिकवले होतेत. पाच-पाच म्हणजे कल नाही. पाचाच्या वर जितके, तितका कल पुढे. पाचाच्या खाली जितके, तितका मागे. अ पासून ड कडे आणि ड पासून क कडे जाताना हे कल मिळवत गेले, की अ आणि क यांच्यातला कल हाती येतो. तुम्ही अ विरुद्ध ड मध्ये आठ लिहिले होते, म्हणजे तीन पुढे. ड विरुद्ध क मध्ये तीन, म्हणजे दोन मागे. उरला एक पुढे. पाच आणि एक सहा.

मी उठलो. तुमच्या खुर्चीपुढे गेलो आणि सहा चिंचोके दुरुस्तीच्या बशीत ठेवले, चार पाळ्यांच्या. चिनी मातीवर चिंचोका ठेवल्याचा आवाज फार लहान असतो, पण त्या दिवशी तो दहा वेळा ऐकू आला. मंदाताईंनी पदर डोक्यावर घेतला, खाली वाकून बशीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. म्हणाल्या, "बाई म्हंत्यात तर बसू दे पोरीला."

आता शिक्षक म्हणून जे सांगायला हवे ते सांगतो. दुसरी वाट होती. अ पासून ब, आणि ब पासून क. अ विरुद्ध ब सहा, म्हणजे एक पुढे. ब विरुद्ध क तीन, म्हणजे दोन मागे. उरतो एक मागे. त्या वाटेने उत्तर चार येते, दोन पाळ्यांच्या बाजूचे. दोन्ही वाटा तपासाव्यात आणि उत्तरे जुळली नाहीत तर कोणता आकडा बिघडला आहे ते शोधावे, हा नियम मला माहीत होता. मी एकच वाट चाललो. पहिली वाट जिथे पोहोचली तिथे मला पोहोचायचे होते.

त्यानंतरचे दोन दिवस मला अजून नीट समजलेले नाहीत. गुरुवारी मंदाताई घरी आल्या. कोमलला शिर्डीला आत्याकडे शिकायला ठेवू की इथेच ठेवू, हे त्यांना तुम्हाला विचारायचे होते.

"बाईंनी तिला चार वर्षं बघितलीय. त्यांच्या कागदावरनं काढा ना, सर."

तो कागद फक्त खोल्यांविषयी आहे, असे सांगायला हवे होते. त्याऐवजी मी थोडा थांबलो. मी बोलण्याआधी कधी थांबत नाही, तुम्ही थांबत होता. मग म्हणालो, "इथेच. सात-तीन. पण तीन आहेत, हे विसरू नका."

मंदाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. "अगदी बाईच बोलल्या," म्हणाल्या, आणि जाताना दार हळू ओढून घेतले. झोपलेल्या माणसाच्या खोलीचे ओढतात तसे.

शुक्रवारी आणखी तिघे आले. एकाला चाळीत साठवलेला कांदा आत्ता विकायला काढू का थांबू, हेही तुम्हालाच विचारायचे होते. मी त्यालाही उत्तर दिले. मला उत्तरे येत होती, हेच विचित्र होते. प्रश्न कानावर पडला की तुमचा आवाज तुमच्याच शब्दांत, वाक्याच्या शेवटी थोडा खाली येत, माझ्या तोंडून निघायचा. बोलून झाल्यावर खोलीत मी एकटा असायचो आणि खोली तशी वाटायची नाही. भर दुपारी मी दोनदा उठून मागचे दार लावलेले आहे का ते पाहिले.

शनिवारी भागवतरावांनी तुमचा कागद लॅमिनेट करून आणायला सांगितला. शाळा उघडताना तो कार्यालयात लावायचा होता. मी तिसगावला गेलो. बाजारपेठेतल्या दुकानदाराने कागद यंत्रात घालण्याआधी उजेडात धरला.

"गुरुजी, हितं खोडलेलं हाय. लॅमिनेशनला लई उठून दिसंल."

"कुठे?"

"ह्या तिनाच्या खाली. आधी एक हुता. खोडरबरानं खोडून वर तीन केलाय. बघा, दाब उमटलाय."

ड विरुद्ध क. तिसगावला पाठवणे की दोन पाळ्या.

मी कागद परत घेतला आणि समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. त्या शनिवारचा ओटा मला पुन्हा दिसला. तुम्ही त्या चौकटीत एक लिहिलात. मुली तिसगावला जाणारच नाहीत, घरी बसतील, असे तुमचे ठाम मत होते. मी वाकून पाहिले आणि म्हणालो, "एक फार टोकाचा होतो, बाई. तिसगावची शाळाही शाळाच आहे. परीक्षकाने इतके कठोर होऊ नये." तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. बावीस वर्षांत ज्या ज्या वेळी मी वडीलधाऱ्या स्वरात बोललो त्या त्या वेळी पाहिलेत तसे. मग खोडरबर घेतलात.

बाकावर बसून मी तिनाच्या जागी एक मांडला. एक म्हणजे चार मागे. तीन पुढे आणि चार मागे, उरतो एक मागे. उत्तर चार. दुसऱ्या वाटेनेही चारच. तुमच्या कागदावरची प्रत्येक चौकट प्रत्येक चौकटीशी जुळली. संपूर्ण कागदात बिघडलेला आकडा एकच होता आणि तो मी तुमच्या हातून लिहवून घेतला होता. अकरा दिवसांनी त्याच आकड्यावरून चालत जाऊन मी तुमचे मत काढले आणि भरल्या बैठकीत ऐकवले. गावाने ज्याला वाकून नमस्कार केला तो माझाच आवाज होता. कांदेवाल्याला, मंदाताईंना, सगळ्यांना तो मीच होतो, तुमची वाक्ये अंगावर घेऊन.

सहावी चौकट तुम्ही माझ्यासमोर का भरली नाहीत, हेही तिथेच कळले. तीही मी खोडायला लावली असती.

परतताना टेम्पोतून वस्तीच्या थांब्यावर उतरलो आणि दफनभूमीत गेलो. तुमच्यावरची माती अजून बसलेली नव्हती, कडेची ढेकळे तशीच होती. ऊन सरळ डोक्यावर होते आणि कडुनिंबाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती. मी विचारले, "बाई, आता काय करू?" आणि लगेच मनात उत्तर जमू लागले, तुमच्या स्वरात, तुमच्या विरामासह. मी ते थांबवले. पुन्हा जमले, पुन्हा थांबवले. मग बराच वेळ काहीच आले नाही. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या क्षणी मला पहिल्यांदा तुम्ही गेल्याचे समजले, आणि मी खाली बसलो.

रविवारी मी बैठक बोलावली. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती आणि गवंडी येणार होता. खुर्च्या पुन्हा पाच होत्या.

"ते सहा बाईंचे नव्हते," मी म्हणालो. "माझे होते." आणि खोडलेली चौकट दाखवली.

भागवतरावांनी कागद हातात घेतला नाही. "सर, आता घोळ घालू नका. बाईंनी सांगितलं म्हनून गाव गप झालंय. न्हाईतर ओट्यावर रोज भांडनं हुती."

मंदाताई म्हणाल्या, "म्हंजे बाई बोलल्याच न्हाईत?"

"बोलत होत्या. मी मध्ये बोललो."

"मग खरा आकडा किती?" भागवतरावांनी विचारले.

"हिशेबाने चार."

"त्यो तरी बाईंचा कशावरनं? त्योबी तुमीच काढला ना?"

त्यांचे बरोबर होते. ही पद्धत एवढेच सांगते, की ज्या मनाने पाच उत्तरे दिली ते मन स्वतःशी जुळते राहिले तर सहावे उत्तर असे येईल. माणसाचे मन रविवारच्या रात्रीपर्यंत तसेच राहते, असे ती सांगत नाही. कदाचित त्या रात्री तुम्ही वेगळा विचार केला असेल. तो आता कोणत्याही वाटेने गाठता येणार नाही. बावीस वर्षे मी तुमच्याशी ज्यावरून भांडलो ते भागवतरावांनी एका वाक्यात मला शिकवले: माहीत नाही, हेही एक उत्तर आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर भरता येत नाही.

"बाईंच्या बश्या उचला, मामा," मी म्हणालो.

यादवमामा हलले नाहीत. "उचलू?"

"उचला."

त्यांनी एकेक बशी दोन्ही हातांनी उचलली. खुर्ची मात्र तशीच राहू दिली.

मग मंदाताई माझ्याकडे वळल्या. "बाईंचं सोडा, सर. तुमचे सात कशाचे हुते, ते सांगा."

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. मी त्या खोलीत बावीस वर्षे उभा राहिलो. फळ्याखालची फरशी माझ्या पायांनी झिजली आहे. खोली रिकामी झाली की तिथून माझे जाणे पुरे होणार होते. ते सात चिंचोके खोलीला होते. सदतीस मुलांपैकी एकालाही त्यांतला एक नव्हता. हे मी सांगितले, कमी शब्दांत. मग माझ्या बशीतून चार चिंचोके उचलले आणि पाळ्यांच्या बशीत टाकले. सातांचे तीन झाले. चौघांचा काटा कलला.

"एवढंच हुतं तर आधी सांगायचं," मंदाताई म्हणाल्या. "उगा मेलेल्या मानसाला कामाला लावलं."

भागवतराव हसू दाबत उठले. तुम्ही असता तर दाबले नसते.

सोमवारपासून दोन पाळ्या भरतात. उत्तरेकडच्या खोल्यांना कुलूप आहे. दुपारच्या पाळीच्या मुली दिवस मावळायच्या आत घरी पोहोचाव्यात म्हणून मंदाताई आणि आणखी दोघी आळीपाळीने रस्त्यावर उभ्या राहतात. माझ्याकडे विचारायला आता कोणी येत नाही. आले तर मी माझे मत सांगतो आणि ते माझे आहे असेही सांगतो. तुमचा आवाज अजून कधीतरी घशाशी येतो. मी पाणी पितो.

एक गोष्ट राहिली आहे, बाई, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. भिंत अजून उभी आहे. लोक चेष्टेने म्हणतात, "सर, पडली न्हाई की ओ तुमची भिंत." मी रोज सकाळी खिडकीतून आत पाहतो. परवा माझ्या लक्षात आले, की ती उभी दिसली की मला किंचित वाईट वाटते. ती पडावी, म्हणजे आपले बरोबर ठरेल, असे म्हणत माझ्यातले कोणीतरी वाट पाहत उभे आहे. ते कोण आहे मला ठाऊक नाही; पण तुम्ही नाही, एवढे आता मला ओळखता येते.

आत्ता दुपारची पाळी सुटली. मी फाटकाशी उभा राहून पटावरची नावे आणि बाहेर पडणाऱ्या मुली जुळवून पाहिल्या. एकही कमी नव्हती. कोमल शेवटी आली, रस्त्यावर उभ्या आईचा हात न धरता पुढे निघाली.